शेरलॉक कसा वाचला आणि जॉनने काय विचारले

१५ जानेवारी २०१२ च्या रात्री बीबीसी वनवर 'शेरलॉक' मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग, 'द रायखनबाख फॉल', दाखवण्यात आला. त्यात बेनेडिक्ट कंबरबॅचचा शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून, त्याचा मित्र जॉन वॉटसनच्या डोळ्यांदेखत, उडी मारतो. रक्ताने माखलेला त्याचा चेहरा जॉनला दिसतो आणि आपल्यालाही दिसतो. जॉन मनगट धरून नाडी पाहतो, ती लागत नाही. पुढे दफनभूमीतला काळा दगड येतो आणि अगदी शेवटी तोच शेरलॉक काही अंतरावरून जॉनकडे पाहत उभा असलेला दिसतो. हे कसे घडले याचे उत्तर मिळण्यासाठी १ जानेवारी २०१४ उजाडावे लागले. त्या दिवशी आलेल्या 'द एम्प्टी हर्स' या भागावर उमटलेल्या प्रतिक्रियांमध्ये एक तक्रार ठळक होती आणि या भागाचा विषय निघाला की ती अजूनही ऐकू येते: आम्हाला सरळ उत्तर न देता आमची फसवणूक केली. मी या मालिकेवर मनापासून प्रेम केले आहे आणि ही तक्रार मला हलकी वाटत नाही. मात्र ज्या कारणासाठी ती केली जाते ते कारण मला पटत नाही. या भागाबद्दल माझी जी तक्रार आहे ती दुसऱ्याच एका प्रसंगाबद्दल आहे. (ज्यांनी हे भाग पाहिलेले नाहीत त्यांनी ते आधी पाहावेत, पुढे सर्व काही उघड केलेले आहे.)

आधी त्या मधल्या काळाबद्दल. मालिकेचे एक निर्माते स्टीव्हन मॉफट यांनी उडीचा भाग प्रसारित झाल्यानंतर लगेचच सांगून टाकले होते की, शेरलॉकने स्वतःच्या स्वभावाला न शोभणारी एक गोष्ट केली आहे आणि ती कोणाच्याच लक्षात आलेली नाही. रहस्यकथेच्या प्रेक्षकाला एवढे निमित्त पुरते. लोकांनी तो भाग थांबवून थांबवून, एकेक चित्र निरखून पाहिला. प्रयोगशाळेत बसलेला शेरलॉक एक लहान रबरी चेंडू आपटत असतो. तसा चेंडू काखेत दाबून धरला तर मनगटातली नाडी थांबवता येते, हे कोणीतरी शोधून काढले. उडी मारण्यापूर्वी तो जॉनला फोनवर बजावतो की, जिथे आहेस तिथेच उभा राहा, आणि जॉन उभा असतो तिथून मध्ये एक बुटकी इमारत येते, त्यामुळे शेरलॉक जमिनीवर कसा पोहोचला हे त्याला दिसतच नाही. जॉन पुढे धावतो तेव्हा एक सायकलस्वार त्याला नेमका त्याच वेळी धडकून पाडतो. पदपथाला लागून पिशव्यांनी भरलेला एक ट्रक उभा असतो. अपहरणातून सुटलेली लहान मुलगी शेरलॉकला पाहताच किंचाळते, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा कोणीतरी तोतया असलाच पाहिजे. शवागारात काम करणाऱ्या मॉली हूपरकडे तो मदत मागतो. हे सगळे धागे प्रेक्षकांनी वेचून एकत्र आणले होते आणि त्यांतून कितीतरी उलगडे तयार झाले होते.

या शोधाला भावनेची बाजूही होती. शेरलॉकचा कट्टर शत्रू मोरियार्टी याने रचलेल्या बनावामुळे शेरलॉक हाच लबाड आहे, त्याने सगळे गुन्हे स्वतःच घडवून आणले, असे कथेतल्या वर्तमानपत्रांनी ठरवून टाकलेले असते. त्यावर खऱ्या जगातल्या प्रेक्षकांनी 'शेरलॉक होम्सवर माझा विश्वास आहे' अशा चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्या रुग्णालयाजवळचा लाल टेलिफोन बूथ अशा चिठ्ठ्यांनी भरून गेला. एका काल्पनिक माणसाच्या अब्रूसाठी लोक खरोखरीच्या भिंतींवर कागद चिकटवत होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मूळ कथांच्या वाचकांनीही हे सोसलेले होते. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखनबाख धबधब्यावर संपवले आणि वाचकांच्या संतापानंतरही कित्येक वर्षे ते बधले नाहीत. १९०३ मध्ये होम्स परतला, तेव्हा त्याने वॉटसनला सांगितलेला खुलासा अगदी साधा होता: तो कड्यावरून पडलाच नव्हता, पडला होता फक्त मोरियार्टी. मराठी अनुवादांतून होम्स वाचलेल्यांनाही ती कथा आठवत असेल. वृद्ध पुस्तकविक्रेत्याच्या वेषात होम्स समोर येतो आणि वॉटसनला घेरी येते. वाचकांनी हा खुलासा मान्य केला, कारण होम्स परत आला यातच त्यांना सगळे मिळाले होते. मालिकेला ही सवलत नव्हती. तिने पडणे दाखवले होते, रक्त दाखवले होते आणि दोन वर्षे कोडे घालून ठेवले होते.

'द एम्प्टी हर्स' हा भाग मार्क गेटिस यांनी लिहिला आहे. ते मालिकेचे सहनिर्माते आहेत आणि पडद्यावर शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट याची भूमिकाही त्यांनीच केली आहे. ब्रिटनमध्ये त्या रात्री सुमारे ९२ लाख लोक तो पाहत होते. सुरुवात थेट उलगड्याने होते: शेरलॉक दोर बांधून उडी मारतो, झोका घेत खिडकीची काच फोडून आत येतो, मॉलीचे चुंबन घेतो, खाली मोरियार्टीच्या मृतदेहाला शेरलॉकचा मुखवटा चढवला जातो, संमोहनाचे प्रयोग करणारा डेरेन ब्राउन जॉनला काही क्षण निद्रिस्त करतो. मग कळते की ही सगळी पोलिसांच्या तपासपथकात काम केलेल्या अँडरसनची कल्पना आहे आणि तो ती पोलीस अधिकारी लेस्ट्रेडला सांगत आहे. दुसरा उलगडा एका तरुण चाहतीचा. त्याच्या शेवटी शेरलॉक आणि मोरियार्टी एकमेकांचे चुंबन घेण्याच्या बेतात असतात आणि अँडरसन तिला चिडून थांबवतो. तिसरा उलगडा स्वतः शेरलॉक सांगतो, कॅमेऱ्यासमोर, अँडरसनला. मायक्रॉफ्टच्या मदतीने आखलेल्या तेरा शक्यता, पदपथावर पसरलेली हवा भरलेली प्रचंड गादी, बुटक्या इमारतीचा आडोसा, ठरवून धडकलेला सायकलस्वार, खिडकीतून टाकलेला तोतयाचा मृतदेह, आणि काखेत चेंडू. हे ऐकून अँडरसनचा चेहरा पडतो. त्याला काहीतरी अधिक हवे होते. नंतर त्याच्या मनात शंका येते की, शेरलॉक हे सगळे मलाच का सांगेल, आणि तो वेड्यासारखा हसत भिंतीवरचे कागद ओरबाडून काढतो. हा तिसरा उलगडा खरा की तोही एक बनाव, हे भाग स्पष्ट करत नाही.

इथेच बरेच प्रेक्षक बिथरले. दोन वर्षे विचार करायला लावून शेवटी आमचीच चेष्टा केली, अँडरसनच्या रूपाने आम्हालाच पडद्यावर वेडे ठरवले, असे त्यांचे म्हणणे होते. हा राग मला समजतो, परंतु अँडरसनला पुन्हा पाहताना मला त्यात चेष्टा दिसत नाही. शेरलॉकवर संशय घेणाऱ्यांत तो होता आणि त्या संशयाचा शेवट एका माणसाच्या मृत्यूत झाला, असे तो दोन वर्षे मानत आला आहे. दाढी वाढलेला, नोकरी गमावलेला हा माणूस शेरलॉक जिवंत असल्याचे पुरावे शोधतो, कारण तो जिवंत असेल तरच त्याच्या अपराधाचे ओझे उतरणार आहे. जोनाथन एरिसने हे काम फार मनापासून केले आहे. खोलीतल्या सगळ्यांच्या फोनवर शेरलॉक जिवंत असल्याची बातमी एकाच वेळी धडकते, तेव्हाचा त्याचा चेहरा पाहावा. लेखकाने प्रेक्षकाला कथेत घेतले आहे आणि त्याला सगळ्यांत दुखावलेल्या माणसाच्या जागी उभे केले आहे. यात मला आपुलकी दिसते.

कोड्याच्या प्रामाणिकपणाबद्दल म्हणाल तर तिसरा उलगडा बव्हंशी सचोटीचा आहे. चेंडू, आडोसा, सायकलस्वार, तोतया, मॉली हे पाचही धागे उडीच्या भागात उघड दाखवलेले होते आणि प्रेक्षकांनी ते पाचही पकडले होते. ज्यांना वाटले की आपल्याला उत्तर मिळाले नाही, त्यांतल्या कित्येकांनी ते उत्तर कधीच काढून ठेवले होते. गादीबद्दलचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. भर दिवसा, लंडनच्या रस्त्यावर, एवढी मोठी वस्तू काही क्षणांत पसरायची आणि गुंडाळून न्यायची, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या बाजूचा ठेवायचा, आणि या सगळ्यासाठी जॉन दोन पावलेही इकडेतिकडे होणार नाही हे गृहीत धरायचे, हे पचायला जड जाते. तरीही रहस्यकथेत उलगडा थोडा कृत्रिम निघणे हे काही नवे नाही, आणि शंकेला जागा ठेवून गेटिस यांनी ती कृत्रिमता लपवण्याचा खोटेपणा केला नाही.

माझी खंत पुढे आहे. जॉनची भूमिका करणाऱ्या मार्टिन फ्रीमनला या भागात एक असा प्रसंग मिळाला आहे की, त्यापुढे गादी आणि चेंडू यांचा विसर पडावा. जॉन उपाहारगृहात मेरीला लग्नाचे विचारण्याच्या तयारीत आहे, आणि शेरलॉक फ्रेंच वेटरचे सोंग घेऊन, ओठावर पेन्सिलीने मिशा रंगवून तिथे येतो. आपल्या पुनरागमनाने मित्र आनंदेल अशी त्याची समजूत असते. जॉन त्याच्या अंगावर धावून जातो. तिथून त्यांना बाहेर काढले जाते, दुसऱ्या जागी बसतात, तिथेही तेच होते, मग तिसऱ्या. मधल्या बोलण्यात शेरलॉक मोठ्या उत्साहाने उडीची युक्ती सांगू लागतो आणि जॉन त्याला थांबवून म्हणतो की, तू हे कसे केलेस याच्याशी मला कर्तव्य नाही, का केलेस ते सांग. मग हळूहळू बाहेर येते की मायक्रॉफ्टला माहीत होते, मॉलीला माहीत होते, रस्त्यावर राहणाऱ्या, शेरलॉकसाठी काम करणाऱ्या लोकांनाही माहीत होते. शेरलॉक संख्या दुरुस्त करून सांगतो की ते फार तर पंचवीस होते. हा आकडा जॉनला किती लागला असेल हे त्याला कळतच नाही. पंचवीस अनोळखी माणसांवर विश्वास टाकला आणि जो रोज कबरीवर बोलायला जाऊ शकला असता, त्याच्यावर टाकला नाही.

दोन वर्षे आपण सगळे 'कसे' विचारत होतो आणि जॉन पहिल्याच रात्री 'का' विचारतो. भागाने या प्रश्नाला शेवटपर्यंत धरून ठेवायला हवे होते. प्रत्यक्षात काय होते? संसदेच्या खाली, वापरात नसलेल्या भुयारी स्थानकात, आगगाडीचा एक डबा बॉम्ब लावून उभा असतो. त्या डब्यात शेरलॉक जॉनला सांगतो की, मला बॉम्ब बंद करता येत नाही, मला क्षमा कर. मरण समोर दिसत असताना जॉन, अत्यंत कष्टाने, त्याला क्षमा करतो आणि तो आपल्या पाहण्यातला सर्वोत्तम माणूस होता असे म्हणतो. आणि मग आपल्याला दिसते की शेरलॉक हसत आहे. बॉम्बला बंद करण्याचे साधे बटण होते आणि ते त्याने आधीच दाबले होते. या प्रसंगावर कित्येक प्रेक्षक खळखळून हसले आणि कित्येकांना तो जिव्हारी लागला. मी दुसऱ्या गटात आहे. ज्या माणसाला खोट्या मृत्यूने दोन वर्षे छळले, त्याच्याकडून आणखी एका खोट्या मृत्यूच्या भीतीने क्षमा काढून घेतली जाते, आणि त्याच डब्यातल्या घड्याळाचे आकडे उतरत असताना मध्येच दृश्य बदलून उडीचा उलगडा सांगितला जातो. क्षमा आणि कोडे यांची अशी सरमिसळ केल्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष गादीकडे गेले आणि नंतरच्या चर्चेतही गादीच उरली. फसवणूक झाली असे म्हणायचेच असेल तर ती जॉनची झाली.

या भागात त्याची भरपाई करणारे एक संभाषण आहे, हेही सांगितले पाहिजे. बेकर स्ट्रीटच्या घरी, सगळे निवळल्यावर, जॉन म्हणतो की, तुझ्या कबरीजवळ मी तुझ्याशी बोललो होतो, मेलेला राहू नकोस असे मागणे मागितले होते. आणि शेरलॉक उत्तर देतो की ते त्याने ऐकले होते. मोजकी वाक्ये आहेत, कोणीही आवाज चढवत नाही. डब्यातल्या क्षमेला जे साधले नाही ते या वाक्यांना साधते, कारण इथे शेरलॉक काही घडवून आणत नाही. पण त्याच घरात त्याआधी शेरलॉकचे आईवडील भेटून गेलेले असतात, आणि जॉनला कळलेले असते की त्यांनाही सारे ठाऊक होते, म्हणूनच ते अंत्यविधीला आले नव्हते. म्हणजे जॉनच्या 'का'ला उत्तर मिळाले नाही ते नाहीच, आणि पुढच्या भागात लगेच त्याच्या लग्नाची धांदल सुरू होते. गादीच्या आकारावर इतके वाद घातलेल्या आपण प्रेक्षकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा तेवढ्याच चिकाटीने केला असता तर लेखकांना तो असा सोडून देता आला नसता, असे मला वाटते.