युज केसचे नियम एका पानात

हापूसच्या ऑनलाइन विक्रीचं काम रत्नागिरीत सुरू झालं तेव्हा युज केस (प्रणाली वापरून कोण, कोणतं काम, कसं पूर्ण करतो याचं पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेलं वर्णन) लिहिण्याच्या नियमांचा आमचा पहिला मसुदा चौदा पानांचा होता. तो कोणी वाचला नाही. आता एकच पान आहे आणि त्यातलं अर्धं एका प्रश्नावर खर्च झालंय: युज केस केवढी असावी?

कसोटी सोपी. ती पूर्ण झाली की माणसाचं काम झालं का? लॉगिन झालं म्हणून बागायतदार उठून घरी जात नाही, म्हणून ‘लॉगिन करणे’ बाद. ‘पेट्यांची ऑर्डर देणे’ चालेल. युज केसवर पुस्तक लिहिणारे ॲलिस्टर कोबर्न या पातळीला समुद्रसपाटी म्हणतात. त्याहून मोठी उद्दिष्टं वर, पतंग आणि ढग; त्याहून छोटे टप्पे खाली, मासा आणि तळाला शिंपला. आमच्याकडे शिंपल्याच्या जागी तिसऱ्या (कोकणातले खायचे छोटे शिंपले) आल्या. ‘पिनकोड तपासणे’ म्हणजे तिसरी, तिला वेगळी केस मिळत नाही.

ॲक्टर म्हणजे प्रणालीशी बाहेरून व्यवहार करणाऱ्याची भूमिका. बागेचा मालकच पेट्या भरत असेल तरी ॲक्टर दोन. डेटाबेस आपल्याच प्रणालीचा भाग, तो ॲक्टर नाही. पेमेंट गेटवे बाहेरचा, तो आहे.

मुख्य प्रवाह, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर होणारा क्रम, तीन ते नऊ पायऱ्यांचा. प्रत्येक वाक्यात कोण काय करतो ते हवं, बटणाचा रंग नको, कारण स्क्रीन बदलली की मजकूर खोटा पडतो.

खरा वेळ जातो तो फाट्यांवर, म्हणजे एखादी पायरी नेहमीसारखी झाली नाही तर पुढे काय यावर. पायरी ३ ला ‘पेट्या राखून ठेवणे’ असेल, तर ३अ: ५ डझनी पेट्या संपल्या. परस्पर ४ डझनी पाठवता येत नाही, त्यातलं फळ मोठं आणि दरही वेगळा. ग्राहकाला विचारावंच लागतं. फाट्याची अट प्रणालीला कळेल अशीच लिहायची. ‘ग्राहक पैसे भरायला विसरला’ हे तिला कसं कळणार? ‘१५ मिनिटांत पैसे जमा झाले नाहीत’ हे कळतं.

आकृतीत दोन केस बाणाने जोडतात: सामाईक टप्पे वेगळ्या केसमध्ये काढले की इन्क्लूड, मूळ केसमध्ये कधीकधीच लागणारी भर घातली की एक्स्टेंड. इन्क्लूडचा बाण मूळ केसकडून सामाईक केसकडे, एक्स्टेंडचा भर घालणाऱ्या केसकडून मूळ केसकडे, दोन्ही तुटक. हे हमखास उलटं काढलं जातं. त्यामुळे एक्स्टेंड आम्ही बंदच केलं, तो मजकूर फाट्यांत जातो. इन्क्लूडही तेच टप्पे निदान दोन केसमध्ये आले तरच.

शेवटी मजकूर पेट्या भरणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पण फेब्रुवारीपर्यंतच, तोडणीचा जोर वाढला की ऐकायला कोणी बसत नाही.