आमची वाटचाल: उद्यमनगरातला गाळा ते शनिवारची पोरं

सुरुवात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात, दोन जुन्या लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग यायचे, आम्ही मशीनिंग करून, म्हणजे मापात कापून द्यायचो. पुढं शिरोली एमआयडीसीत शेड झाली, कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन घेतल्या. कोल्हापुरात असं बऱ्याच जणांचं झालंय, त्यात वेगळं सांगण्यासारखं नाही.

अडलं ते माणसांवर. मशीन हप्त्यानं मिळतं, ते कामासाठी जुळवून देणारा चांगला सेटर मिळत नाही. कामाला येणारी पोरं हुशार असायची, पण बरीचशी 'मार्क कमी पडले म्हणून' या लाईनला आलेली. म्हणून ठरवलं, दहावीच्या निकालाआधीच पोरांना कारखाना दाखवायचा. आसपासच्या हायस्कुलांशी बोललो आणि शनिवारी दुपारी नववी-दहावीची मुलं-मुली येऊ लागली.

चालू मशीनला हात लावायचा नाही, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं थांबायचं. अठरा वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामावर लावायला कायद्यानंच बंदी आहे. मोजमाप मात्र त्यांनीच करायचं. आमचे मिस्त्रीमामा, ज्यांच्या हाताखाली मीही शिकलो, प्रत्येकाला मायक्रोमीटर देऊन स्वतःच्या डोक्याचा केस मोजायला लावतात. कुणाचा ०.०६ मिलिमीटर भरतो, कुणाचा ०.०८. मग ड्रॉइंग पुढं सरकवतात. "ह्या बोअरला, म्हंजे भोकाला, मापात मागंपुढं व्हायची सूट किती दिलीया? ०.०२. तुझ्या केसापेक्षा कमी. आता नुसत्या डोळ्यानं कळंल काय?"

गणितातला पाय (π) कुठं लागतो, हे पोरांना इथं कळतं. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब, म्हणजे कापायचा भाग, मिनिटाला १०० मीटर वेगानं कापायचा तर तो धरणारा चक मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवायचा? १००० गुणिले १००, भागिले पाय गुणिले ५०. उत्तर ६३७ च्या आसपास. टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा कोन काढायला टॅन लागतो. वहीतली त्रिकोणमिती लेथवर भेटली की गणितात मागं असलेलंच पोरगं आधी उत्तर देतं, हे मी कितीदा पाहिलंय. व्याख्यानं ठेवून बघितली होती. पोरं टाळ्या वाजवून घरी गेली.

पगाराचे प्रश्न मी ऑपरेटरांकडं सोपवतो. रात्रपाळी, कंबरदुखी, ओव्हरटाइम, सगळं ते खरं सांगतात. ते ऐकून काही जण सरळ कॉमर्सला जातात. चालतंय की. नको असलेलं सोळाव्या वर्षी कळलेलं बरं.

पालकांचं जास्त अवघड. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. त्यात मुलगी असली की "कारखान्यात पोरीनं काय करायचं?" हा प्रश्न ठरलेला. आमच्या इन्स्पेक्शन टेबलवर आज दोघी आहेत. त्यातली एक शनिवारच्या पोरांतलीच, कळंब्याच्या आयटीआयमधून अप्रेंटिस म्हणून आली. तिनं नापास केलेला जॉब माझ्या सांगण्यावरूनही पुढं जात नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी पालकांनाही बोलावणार आहे. त्यांना शेड तीच दाखवेल.