व्हँडरबिल्टची बातमी

१३ नोव्हेंबर १९९९, शनिवार. क्रीडा विभागात माझी रात्रपाळी होती. वृत्तसंस्थेकडून आल्फ्रेड व्हँडरबिल्ट गेल्याची बातमी आली, वय ८७. वृत्तसंपादक म्हणाले, "अमेरिकेतला गडगंज शेठ गेला, आपल्या वाचकाला त्याचं काय? संक्षिप्तमध्ये चार ओळी लाव."

रेसचं पान मीच लावत असे, त्यामुळे ते मला पटेना. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यांची वंशावळ चार-पाच पिढ्या मागे नेली, की बऱ्याचदा नेटिव्ह डान्सर भेटायचा. तो ह्यांच्या तबेल्यातला घोडा. २२ शर्यतींत २१ विजय! हरला तो एकदाच, १९५३च्या केंटकी डर्बी ह्या अमेरिकेतल्या मानाच्या शर्यतीत, डार्क स्टार नावाच्या घोड्याकडून, जेमतेम एका डोक्याच्या अंतरानं. टीव्ही तेव्हा कृष्णधवल होता आणि घोडा करड्या रंगाचा, त्यामुळे घोळक्यात तो घरबसल्या ओळखू यायचा. अमेरिकेनं त्याच्यावर वेड्यासारखं प्रेम केलं.

आमचे रेसचे लेखक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी जुनी कात्रणं काढून दिली. वडील १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाले, तेव्हा हा पोरगा तीन वर्षांचाही नव्हता. एकविसाव्या वाढदिवसाला आईनं मेरीलँडचं सॅगमोर फार्म दिलं. इथपर्यंत सगळं आयतं. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं. सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल या दोन नामी घोड्यांची झुंज व्हावी म्हणून सगळा देश आसुसला होता. दोन्ही मालकांना राजी करून १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिम्लिको रेसकोर्सवर ती लावली ती ह्यांनीच, तीही वयाच्या २६व्या वर्षी. महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये टॉर्पेडो बोटीवर होते. वारसाहक्कानं घोडे मिळतात, घोड्यांची जाण मिळत नाही. ती ह्या माणसानं कमावली होती, असं मला आजही वाटतं.

बातमीतली एक ओळ मी वृत्तसंपादकांना मोठ्यानं वाचून दाखवली. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळपास गेली होती, तरी त्या दिवशी सकाळी ते बेलमाँट पार्क रेसकोर्सवर ट्रॅकवर्कला, म्हणजे घोड्यांचा सकाळचा सराव बघायला, गेले होते. घरी परतले आणि मग गेले.

"दिसत नव्हतं तर काय बघायला गेले?" त्यांनी विचारलं.

काका उठून टेबलापाशी आले. "अहो साहेब, पहाटे रेलिंगला उभं राहून बघा एकदा. टापा एकसारख्या पडतायत का, घोडा दम कसा घेतोय, सगळं ऐकू येतं. मी तर कित्येकदा डोळे मिटूनच ऐकतो."

वृत्तसंपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. "डबल कॉलम घे. पण पान वेळेत छपाईला सोड."

गोल्फचा निकाल संक्षिप्तमध्ये ढकलला, तरीही मजकूर जास्तच भरला. मी डार्क स्टारचं वाक्य काढायला घेतलं, तर काकांनी माझा हात धरला. "हरलेली रेस कापू नकोस. ती वाचल्याशिवाय त्या २१ची किंमत कळायची नाही." मग लुसिटानिया कापलं, आणि पान सोडलं.