लॅगची नोंदवही: रांग घरच्या राउटरमध्येच होती

ऑनलाइन गेममधला लॅग, म्हणजे आपली चाल उशिरा पोचणं, घालवायच्या खटपटीची ही नोंदवही. मागच्या नोंदीपर्यंत राउटरपासून खोलीपर्यंत केबल ओढायचं काम चालू होतं. ते संपलं, पुढे राउटरवरही बरंच काम झालं. संध्याकाळच्या वेळी ७ मिलिसेकंदांवरून थेट १७० वर उडी मारणारा पिंग (संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ) आता घरात काहीही चालू असलं तरी १५ च्या आत राहतोय. प्लॅन तोच आहे, १०० एमबीपीएसचा. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्यात कुणी लॅगची तक्रार केली की "प्लॅन वाढव" हाच सल्ला आधी मिळतो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!

गेमला वेग फार लागतच नाही. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमचा सामना एक एमबीपीएसच्या आसपास भागतो. त्याला हवी असते वेळेवरची पोच. सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. आपलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कधी ८ मिलिसेकंदांत आणि कधी १७० मध्ये पोचलं, तर प्लॅन ३०० चा घेतला तरी समोरचा खेळाडू भिंतीतून उगवल्यासारखा दिसणार.

अंतराचं गणितही आपल्या बाजूने आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे–मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ मिळवून कोथरूडहून मुंबईच्या सर्व्हरला मला ७ मिळतो, त्यात आणखी काही काढण्यासारखं नाही. सिंगापूर मात्र मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निव्वळ प्रवासातच जातात, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्यामुळे सिंगापूरच्या सर्व्हरवर ६०–७० दिसले तर राउटरच्या मागे लागू नका. पिंग किती आहे यापेक्षा तो किती हलतो, हे बघा.

केबल

हॉलमधल्या राउटरपासून माझ्या खोलीपर्यंत कॅट ६ (नेटवर्कची केबल) टाकली. वायर आणि क्रिम्पिंगचं (टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं) हत्यार पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. दुकानात "शुद्ध तांब्याची द्या" असं स्पष्ट सांगा आणि टोक खरवडून बघा. आतून पांढरट निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. ती स्वस्त पडते, पण वाकवल्यावर लवकर तुटते.

टोक करताना आठही तारांचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ सोडवून तारा अंगठ्याखाली सपाट करायच्या, एका रेषेत कापायच्या आणि कनेक्टरच्या पारदर्शक टोकाशी आठही तांबूस ठिपके दिसेपर्यंत आत ढकलायच्या. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत थोडं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. नंतर कॉम्प्युटरवर लिंक स्पीड बघायचा. गिगाबिटच्या (१,००० एमबीपीएसच्या) पोर्टवर फक्त १०० दिसत असेल तर एखादी जोडी लागलेली नाही असं समजा. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात.

वायफायबद्दल थोडक्यात: मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झ वापरावं आणि राउटरच्याच खोलीत बसावं. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर सगळे शेजारी.

रांग सापडली

केबल लागल्यावर सरासरी पिंग सुधारला, पण संध्याकाळच्या उड्या थांबल्या नाहीत. म्हणून कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या. एकीत घरच्या राउटरला पिंग, दुसरीत ट्रेसरूटमध्ये (पॅकेटच्या वाटेतले थांबे दाखवणारी कमांड) दिसणाऱ्या इंटरनेट कंपनीच्या पहिल्या थांब्याला, तिसरीत बाहेरच्या १.१.१.१ या सार्वजनिक सर्व्हरला. आई आळंदीला जाऊन आली होती. तिचा फोन घरच्या वायफायवर आला, फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू झाला आणि दुसऱ्या खिडकीतले आकडे चढायला लागले: ४, ५, ३८, ९६, १६४, १७१. पहिली खिडकी १ वरून हलली नाही. तिसरी दुसरीच्या मागोमाग चढली. बॅकअप संपला तसे सगळे आकडे परत जागेवर.

म्हणजे वायफायचा दोष नाही, मुंबईचा सर्व्हर दूर आहे असंही नाही. घरातून बाहेर पडायच्या दारात रांग लागते. राउटर पॅकेट टाकून देण्याऐवजी साठवत बसतो. रांगेत २ मेगाबाइट साठले, तर १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती रिकामी व्हायला १६० मिलिसेकंद लागतात, आणि गेमचं चिमुकलं पॅकेट तिच्या शेपटीला उभं असतं. खालापूरच्या टोलनाक्यावर ट्रकच्या एकाच रांगेत रुग्णवाहिका अडकावी तसं. रस्ता कितीही रुंद केला तरी ती रांगेतच राहणार.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या अखेरीस हा प्रकार लोकांसमोर आणला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट तिच्यात किती वेळ उभं राहिलं, हे ती बघते आणि त्यावरून पॅकेट टाकते. पुढे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारं एफक्यू-कोडेल आलं, आणि २०१८ मध्ये केक ही त्यापुढची पद्धत लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) दाखल झाली. या कामासाठी वर्षानुवर्षं झटलेले डेव्ह टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. माझ्या घरातला प्रत्येक स्थिर सामना या लोकांच्या कष्टांवर उभा आहे, असं मी मनापासून मानतो.

केक बसवला

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घेतला. कंपनीच्या ओएनटीला (घरात फायबर जिथे येते ती पेटी) ब्रिज मोडमध्ये टाकून घेतलं, म्हणजे ती पॅकेट नुसती पुढे देते, आणि पीपीपीओई (कंपनीच्या जोडणीचं) लॉगिन माझ्या राउटरवर आणलं, म्हणजे नॅट (घरच्या पत्त्यांची बाहेरच्या पत्त्याशी अदलाबदल) दोनदा होत नाही. ग्राहक सेवेला फोन करताना "ब्रिज मोड" हाच शब्द वापरा, पुढचं बोलणं लवकर होतं.

राउटरमधल्या एसक्यूएमच्या (रांग सांभाळायच्या सेटिंगच्या) पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडचा, इंटरफेस निवडायचा, पद्धत केक आणि स्क्रिप्ट पीस ऑफ केक. डाउनलोड-अपलोड दोन्हीकडे मी ९०,००० किलोबिट भरले, म्हणजे लाइनच्या ९० टक्के. पॅकेटमागचा जादा भार ४४ बाइट ठेवला. लाइनपेक्षा कमी आकडा भरण्यातच सगळी मेख आहे. आपण थोडं कमी पाठवलं की रांग पुढच्या यंत्रात न लागता आपल्या या नव्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे केक तिला सांभाळतो. हार्डवेअर ऑफलोडिंग आठवणीने बंद करा. ते चालू असेल तर पॅकेट केकला वळसा घालून जातात आणि आकडे जराही बदलत नाहीत. हे काम प्रोसेसरवर पडतं, तेव्हा मोठा प्लॅन असणाऱ्यांनी राउटर तेवढ्या ताकदीचा आहे ना, हे आधी बघावं.

निकाल: स्पीड टेस्ट ९५ वरून ८६ वर आली. घरात कुणाला फरक जाणवला नाही. आईचा बॅकअप आणि हॉलमध्ये टीव्हीवर मालिका चालू असताना पिंग ९ ते १३. हा सौदा मी कधीही करेन.

पावसात

जोराच्या पावसानंतर पॅकेट लॉस (पॅकेट वाटेतच हरवणं) सुरू झाला. यावर केकचा काही इलाज नाही. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, ती बघितली. एरवी उणे १९ डीबीएम (हे ताकदीचं माप; उण्याचा आकडा वाढला की प्रकाश कमी) असते, ती उणे २८ झाली होती. जीपॉन या फायबर पद्धतीच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी प्लस वर्गात ओएनटी उणे २७ पर्यंतच धड वाचू शकतो. आकड्याचा फोटो तक्रारीसोबत पाठवला, त्यामुळे "राउटर बंद करून चालू करा" यात वेळ गेला नाही. आलेल्या दादांनी गच्चीवर कठड्याजवळ वायरला बसलेली मुरड दाखवली. वाऱ्याने लोंबणारी वायर काटकोनात दाबली गेली होती. फायबरला पाण्याचं तसं वावडं नाही, नाजूक असतात ते जोड आणि मुरडी. कोरड्या दिवशी आपला डीबीएमचा आकडा लिहून ठेवा, पावसाळ्यात तो हाताशी लागतो.

सध्या काय चाललंय

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये आपलं मशीन थेट समोरच्याच्या मशीनशी बोलतं. हडपसरच्या मित्राशी खेळताना ट्रेसरूट केला, तर पॅकेट मुंबईला जाऊन परत येत होती, कारण आमच्या दोघांच्या कंपन्या वेगळ्या आहेत आणि त्यांची गाठ तिथे पडते. तरी पिंग १४. एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) १६.६७ मिलिसेकंदांची, त्यामुळे रोलबॅक (उशिरा आलेल्या चालीसाठी गेमने थोडं मागे जाऊन केलेली दुरुस्ती) जेमतेम जाणवतो. अडचण वेगळीच आहे: मधूनमधून जोडणीच होत नाही. त्याच्या राउटरचा वॅन पत्ता १०० ने सुरू होतो आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे. तो सीजीनॅटसाठी राखलेला पट्टा. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे आपल्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. त्याने कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागितलाय आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतंय का हेही विचारलंय. तोवर त्याच्याकडेही केक बसवायला रविवारी जातोय. त्याचा राउटर जुना आहे, प्रोसेसरला किती एमबीपीएसपर्यंत झेपतं ते मोजून इथे आकडे टाकतो. तुमच्यापैकी कुणी सीजीनॅटमागून नियमित खेळत असेल तर जोडणी कशी जमवलीत ते लिहा. फक्त आपला आयपी पत्ता लिहू नका.