यादी रविवारी लागणारच आहे, मग आधी अंदाज कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फेब्रुवारी लागला की कोणी ना कोणी मला हे विचारतंच. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोणते संघ खेळणार, हे मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी जाहीर होणारच असतं. मग त्याआधी महिना-दोन महिने टीव्हीवर संभाव्य यादी मांडणाऱ्यांचं तुम्ही एवढं मन लावून काय ऐकता? सामना कोण जिंकणार, हेसुद्धा ते सांगत नाहीत!

मी ऐकतो, कारण ही निवड बंद दाराआड होते आणि त्या दाराबाहेर हिशोब मांडून बसलेले हेच लोक आहेत.

2025 च्या स्पर्धेत 68 संघ होते. त्यातले 31 आपापली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांच्या गटाची स्पर्धा, जिंकून थेट आले. उरलेल्या 37 जागा इंडियानापोलिसमध्ये बसणाऱ्या 12 जणांच्या समितीने भरल्या. समितीत कोण, तर कॉलेजांचे क्रीडा संचालक आणि कॉन्फरन्सचे कमिशनर, म्हणजे प्रमुख. या 37 मधली बहुतेक नावं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. विधानसभेच्या तिकीटवाटपात जसे सगळ्यांचे डोळे शेवटच्या यादीकडे लागतात, तशी इथली खरी ओढाताण शेवटच्या सहा-आठ जागांची. म्हणून ‘माझे 68 पैकी 66 बरोबर आले’ असं कोणी सांगितलं की त्या 66 चं मला कौतुक नसतं. चुकलेले दोन कोणते, ते मी आधी बघतो.

अंदाजाचं हे काम नावारूपाला आणलं ते ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीच्या जो लुनार्डी यांनी. फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स विद्यापीठातला हा माणूस 1990 च्या दशकापासून हेच करतोय. ‘शेवटचे चार आत, पहिले चार बाहेर’, म्हणजे जेमतेम आत आलेले आणि थोडक्यात हुकलेले संघ, ही टीव्हीवरची पट्टी आता चाहत्यांना तोंडपाठ असते. पण चांगला अंदाजकार ‘कोण लायक आहे’ हे सांगत नाही, ‘समिती काय करेल’ हे सांगतो. त्यासाठी त्याला समितीचीच फूटपट्टी वापरावी लागते.

ती फूटपट्टी जरा जवळून बघा. 2018-19 च्या मोसमापासून ‘नेट’ नावाची संघांची क्रमवारी आहे. प्रतिस्पर्ध्याचा तिच्यातला क्रमांक आणि सामना कुठे झाला, यावरून प्रत्येक सामना चारपैकी एका गटात पडतो; पहिला गट सगळ्यांत कठीण सामन्यांचा. पंचाहत्तराव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या मैदानावर हरवलंत, तर तो पहिल्या गटातला विजय. त्याच संघाला आपल्या घरी हरवलंत, तर दुसऱ्या गटातला. आणि डिसेंबरमध्ये हरवलेला तो संघ फेब्रुवारीत शहात्तरावर घसरला, तर तुमचा पहिल्या गटातला विजय तुम्ही बोटही न हलवता दुसऱ्या गटात जातो. यात भरडली जातात ती लहान कॉलेजं. बडे संघ त्यांच्या मैदानावर खेळायला जातच नाहीत, मग पहिल्या गटातले सामने त्यांनी आणायचे कुठून?

2024 मध्ये इंडियाना स्टेटचं हेच झालं. बास्केटबॉलचा दिग्गज खेळाडू लॅरी बर्ड याचं हे कॉलेज. 28 विजय, नेटमध्ये पहिल्या तिसांत, तरीही बाहेर. कॉन्फरन्सची अंतिम लढत ड्रेककडून हरले आणि थेट प्रवेश गेला. मला ते अजून पटलेलं नाही.

पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया. जवळजवळ प्रत्येक अंदाजकाराच्या यादीत हा संघ होता. गोन्झागा, ॲरिझोना, आणि कॅन्ससला तर कॅन्ससच्याच मैदानावर हरवलेलं. तरी तो बाहेर राहिला. जागा मिळाली ती नॉर्थ कॅरोलिनाला; पहिल्या गटातल्या 13 सामन्यांत त्यांचा एक विजय होता. समितीचे त्या वर्षीचे अध्यक्ष बबा कनिंगहॅम हे तेव्हा नॉर्थ कॅरोलिनाचेच क्रीडा संचालक होते. नियमानुसार ते त्या चर्चेच्या वेळी बाहेर थांबले होते, हे खरं. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन चौकशीची मागणी केली, इतकं ते लोकांना लागलं.

नॉर्थ कॅरोलिनाने मंगळवारी पहिला सामना 95-68 असा जिंकला आणि त्यांचे चाहते म्हणाले, बघा, निवड बरोबरच होती. हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. निवड त्या रविवारपर्यंतच्या कामगिरीवर व्हायची असते, मंगळवारच्या स्कोअरवर नाही. त्या रविवारपर्यंतची कामगिरी अंदाजकारांनी महिनाभर रोजच्या रोज, सगळ्यांसमोर मांडून ठेवली होती. म्हणून तर प्रश्न लगेच, नावानिशी आणि आकड्यांसह विचारता आला. त्या याद्या नसत्या तर वेस्ट व्हर्जिनियाची तक्रार हरलेल्यांची रड म्हणून सोडून दिली गेली असती.

या लोकांचं सगळंच मला आवडतं असं नाही. उन्हाळ्यात, एकही सामना झालेला नसताना याद्या काढायच्या, हे निव्वळ टीव्हीचा वेळ भरणं आहे. तेव्हा मी त्यांना ऐकत नाही. जानेवारीच्या शेवटी ऐकायला लागतो.

आणि मला हवं आहे ते एवढंच: शेवटच्या चार जागांसाठी कोणी कोणाला मत दिलं, ते समितीने त्याच रात्री जाहीर करावं. आज अध्यक्ष टीव्हीवर येऊन दोन-चार वाक्यं बोलतात, आणि बाकीचं आपल्याला या अंदाजकारांच्या तक्त्यांवरून ताडावं लागतं.