तुम्ही विचारलंत म्हणून : ‘ही नक्कलच ना?’

माझ्या टेबलासमोर पोस्टकार्डाएवढं एक एचिंग लावलंय, अर्थात छापील प्रत. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. म्हातारा संत जेरोम, हातातलं लिखाण थांबवून देवदूताकडे बघणारा. अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रागोनार, त्याने ते १७६४च्या सुमारास केलं, त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या योहान लिस या जर्मन चित्रकाराच्या व्हेनिसमधल्या रंगीत चित्रावरून. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे नक्कलच ना? तुम्ही स्वतः एचिंग करता, मग भिंतीवर उसनं चित्र कशाला?’

नक्कल नाही. लिसचे गुलाबी-निळसर ढग तांब्यावर आणायचे कसे? फ्रागोनारने ते आणलेच नाहीत. आखूड, थरथरत्या रेघा मारल्या आणि बराच कागद कोरा सोडला. उजेड तिथून येतो.

शिकत असताना मला हे दिसलं नव्हतं. याच चित्रावरून झिंकची प्लेट करायला घेतली. ढगांना रंग हवा म्हणून रेघांवर रेघा, तीन रात्री. मग प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडली आणि पिसाने बुडबुडे सारत बसले. वेळेवर काढायला हवी होती; अजून काळं होऊ दे, अजून थोडं, म्हणत ठेवली. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं तर संत उलट्या दिशेला तोंड करून बसलेला, कारण प्लेटवर उलटं रेखाटायचं भानच राहिलं नव्हतं. आणि देवदूताच्या मागे, जिथे सगळ्यात गडद हवं होतं, तिथे रेघांमधला पत्रा खाल्ला जाऊन उथळ खड्डा पडलेला. खड्ड्यात शाई थांबत नाही, पुसताना निघून जाते. फिकट करडा डाग उमटला. सरांनी प्रूफ उजेडाकडे धरलं. ‘एवढीच हौस होती तर झेरॉक्स काढायची!’ वर्ग हसला. प्लेट फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि वर्षभर दुसऱ्याच्या चित्रावरून एक रेघ मारली नाही.

तेव्हा मलाही सरांचं पटलं होतं. तेव्हाची मी, त्या मुलीशी मी अजून भांडते. रंग काढला तर लिसचं उरतं काय, हा तुझा प्रश्न रास्त होता गं; पण जेरोमने बायबल लॅटिनमध्ये नेलं, त्याला कुणी नक्कल म्हणतं का? ती उलट विचारते, ‘मूळ चित्र तू पाहिलंयस?’ नाही पाहिलं. व्हेनिसला गेलेच नाही. लिस मला ठाऊक आहे तो फोटोतला, नाहीतर फ्रागोनारच्या रेघांतला. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ती प्लेट गेल्या महिन्यात पुन्हा छापली. डाग तसाच आला. फक्त खड्ड्याच्या कडेने शाई धरलेली एक बारीक काळी रेघ होती, ती मला तेव्हा दिसली नव्हती.