आमचं मंत्रिमंडळ आणि टाकीची किल्ली

"मॅडम, नाव पुसायला पाच चिंचा लागतेत."

दुसरीतल्या मुलीनं हे एसटीचं तिकीट सांगावं इतक्या सहज सांगितलं. कुठलं नाव, म्हणून विचारलं तर तिनं सातवीच्या फळ्याकडे बोट केलं. डाव्या कोपऱ्यात 'गडबड करणारे' अशी रेघ मारलेली, खाली अकरा नावं. तिच्या भावाचं नाव चौथं. आमच्या शिस्तमंत्र्यानं दरपत्रक ठरवलं होतं : नाव पुसायला पाच चिंचा, न लिहायला तीन. पेनची रिफील दिली तर आठवडाभर अभय.

हा शिस्तमंत्री १४ मतांनी निवडून आलेला होता आणि ती निवडणूक मीच घेतली होती.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, पट ११८, शिक्षक चार, शिपाई नाही. शालेय मंत्रिमंडळ बहुतेक शाळांत असतं, निदान फाइलीत असतं. आम्ही ते खरंखुरं करायचं ठरवलं आणि जुलैत अगदी रीतसर निवडणूक घेतली. अर्ज भरणे, छाननी, माघार, चिन्हवाटप, दोन दिवस मधल्या सुट्टीत प्रचार. पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही म्हणून चिन्हं हवीतच : छत्री, चेंडू, पाटी, झाडू. झाडू कुणालाच नको होता. मतदान मोबाईलवरच्या ॲपवर. बटण दाबलं की 'पीं' असा आवाज येतो, तो ऐकायला दोन मुलं परत रांगेत आली. नखावर स्केचपेनची खूण होती, पण ती त्यांनी थुंकीनं पुसली होती. सातवीच्या मतदान अधिकाऱ्यांनी पकडलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला. फोटो काढले, केंद्रप्रमुखांना पाठवले. शाबासकी आली.

निवडणूक इतकी नीट झाली की त्यापुढे मंत्र्यांनी करायचं काय, याचा विचार राहूनच गेला. पदं होती, कामं नव्हती. मग पोरांनी मोठ्यांना जे करताना पाहिलं होतं, तेच केलं.

चिंचांचं प्रकरण हसण्यावारी नेता आलं असतं. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. स्वच्छतामंत्रीण हुशार, अक्षर सुरेख, रोज कोण झाडणार त्याची यादी वहीत लिहायची. सप्टेंबरात एकदा ती वही चाळताना मला दिसलं की वर्ग झाडायला सगळी नावं आलटून पालटून येत होती, पण मुतारीत बादलीनं पाणी टाकायला फिरून फिरून तीच सहा नावं. सहाही एकाच वस्तीवरची. तिला विचारलं तर ती गोंधळली. "मॅडम, ते कुरकूर नाही करत." तिला खरंच दुसरं काही दिसत नव्हतं. आणि मलाही तीन महिने दिसलं नव्हतं. त्या वहीवर दर शनिवारी सही माझीच होती.

त्यानंतर कुणी काही बंद केलं नाही. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, नऊपैकी चार मंत्री आई-बापाबरोबर कारखान्याला गेले आणि मंत्रिमंडळ आपोआप विरून गेलं. फलक मात्र उन्हाळ्यापर्यंत भिंतीवर होता.

पुढच्या जूनमध्ये निवडणुकीआधी बालसभा घेतली. प्रश्न एकच विचारला : शाळेत रोज काय अडतं? पुस्तकी उत्तरं येतील असं वाटलं होतं, पण पोरं धडाधड बोलली. खिचडीच्या वेळी नळावर चेंगराचेंगरी होते. घंटा कधी होते कधी होतच नाही. मुतारीची बादली रिकामी असते. साबण कावळा नेतो.

साबण कावळा नेतो हे शहरातल्या वाचकांना खोटं वाटेल. आमच्याकडे नेतो. कट्ट्यावर ठेवलेली वडी दुपारपर्यंत लिंबाच्या झाडावर जाते.

जे जे अडतं, त्याचं एकेक खातं केलं. शिस्तमंत्रिपद रद्द. फळ्यावर नावं लिहायची नाहीत, कुणाचीच. प्रत्येक खात्याला हातात धरता येईल अशी एक वस्तू दिली. घंटामंत्र्याला टोला आणि भिंतीवरचं घड्याळ, आहारमंत्र्याला नोंदवही, पाणीमंत्र्याला टाकीच्या व्हॉल्व्हवरच्या झाकणाची किल्ली. झाडण्या-धुण्याची यादी हजेरीपटाच्या क्रमानं, त्यात वगळावगळी नाही. शेवटी आम्हा चौघांची नावं. मंगळवारी बादली माझ्याकडे असते. पहिल्या मंगळवारी सगळी शाळा बघायला उभी होती, तिसऱ्या मंगळवारी कुणी मान वळवली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत यावर बरंच झालं. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, कायदाच तसा आहे, त्यामुळे बोलायला माणसं कमी नसतात. "आमच्या पोराला मुतारी धुवायला पाठवतो का शाळेत?" असं एक पालक तावातावानं म्हणाले. बादलीनं पाणी टाकणं आणि धुणं यातला फरक सांगून पाहिला, पटला नाही. मग समितीतल्याच एक आजी म्हणाल्या, "गेल्या साली आमची पोरं पाणी टाकीत होती तवा तुमी कुठं होता?" विषय तिथं संपला. ती वही मी एकटीनंच पाहिली असं मला उगाच वाटत होतं.

हात धुण्याचं काम सगळ्यात सोपं निघालं. दोन नळांवर ११८ पोरं, म्हणून गावातल्या प्लंबरकडून एक प्लॅस्टिकचा पाइप आडवा बसवून त्याला आठ तोट्या लावून घेतल्या. साबणाच्या वड्या कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधल्या. कावळ्याला गाठ सुटत नाही. हात निदान २० सेकंद धुवायचे असतात, पण सेकंद मोजणार कोण? पाणीमंत्र्यानं तोड काढली : एक पाढा म्हणायचा. सावकाश म्हटला की साधारण तेवढा वेळ होतो. दर सोमवारी पाढा बदलतो. चौथीतल्या एका मुलाला वर्गात बाराच्या पुढं येत नव्हतं, त्यानं सतराचा पाढा नळावर पाठ केला. मात्र १७ × ७ त्याला ओले हात असल्याशिवाय आठवत नाही, असं त्याचे वर्गशिक्षक म्हणतात.

(१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुण्याचा दिवस आणि आपला वाचन प्रेरणा दिन एकत्रच येतात. दोन्हीचे फोटो त्याच दिवशी पाठवायचे असतात. त्या दिवशी हात कमी धुतले जातात आणि वाचन तर होतच नाही.)

पाणी पिण्याची घंटा आम्ही केरळची उचलली. तिथल्या शाळांनी २०१९ मध्ये सुरू केली होती, दिवसातून काही वेळा फक्त पाणी प्यायला घंटा द्यायची. आमच्याकडे दोनदा होते. मार्चनंतर तीनदा.

आहारखातं मात्र जड गेलं. नियमानं पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५०. आहारमंत्रीण सातवीची. परिपाठ झाला की सगळ्या वर्गांचे हजर आकडे गोळा करायची, हिशेब मांडायची आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगायची. पूर्वी मावशी अंदाजानं टाकायच्या, उरलेलं शेळ्यांना जायचं. आता मोजून टाकायच्या. इथवर ठीक. पण वाढायच्या आधी चव घेऊन नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. तो एरवी आम्ही शिक्षक 'चव चांगली' असा डोळे मिटून लिहायचो. हिनं लिहिलं : 'मीठ कमी. मटकी कच्ची.'

मावशी तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मॅडम, चुलीपुढं धूर मी खाते. ही चमच्यानं चाखती आन लिहिती." त्यांचं चूक नव्हतं. मटकीही कच्चीच होती, कारण आदल्या दिवशी भिजत घालायचा निरोप कुणी दिलाच नव्हता. आणि तो निरोप द्यायचं काम आमच्याच एका शिक्षकाचं. मुलीला मी काहीच सांगितलं नाही. तिनं वहीत एक रकाना वाढवला : 'उद्या काय भिजत घालायचं'. रोज सुटायच्या आधी मावशींना विचारून तो भरते. शेरे अजून कडकच असतात. मावशी वाचता येणाऱ्या पोराला बोलावून ते वाचून घेतात आणि तोंड वाकडं करतात.

आणि मग दिवाळी आली.

आमच्याकडे दसऱ्यानंतर गाव हळूहळू रिकामं होतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुलांनी मागं राहावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, आजी-आजोबांकडे राहून मुलं दोन वेळ तिथं जेवतात. बरीच राहतात. पण पाणीमंत्र्याची धाकटी बहीण दीड वर्षाची. कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागेवरच्या झोपडीत, तिला सांभाळायला कोण? आई-बाप पहाटे चारला फडात जाणार. तो जाणार हे ठरलेलंच होतं.

गेल्या वर्षीचं आठवून मी त्याला विचारलं, तुझ्यामागं किल्ली कुणाकडे द्यायची? मला वाटलं, सातवीतला मित्र सांगेल. त्यानं तिसरीतलं एक बारकं पोरगं आणलं. आठ दिवस त्याला हाताखाली घेऊन हिंडवलं. टाकीवर टिचक्या मारून पाणी किती आहे ते आवाजावरून ओळखायचं, व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही नाहीतर पाइपचा जोड निसटतो, झाकण लावताना आधी आत बघायचं, विंचू असतो. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. प्रत्येक खात्याला खालच्या वर्गातला एक उपमंत्री, हा आमच्या शाळेचा आता नियम आहे. पाहुणे आले की हेडमास्तर तो मोठ्या कौतुकानं सांगतात, जसा काही आम्ही विचार करून काढला. निघाला तो ट्रॅक्टरच्या वेळापत्रकातून.

पाणीमंत्री गावातून निघाला त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर आला. ट्रॉली मारुतीच्या पारापुढं उभी होती, तिच्यावर पत्र्याची पेटी, हंडे, बाज, पाटीखाली दोन कोंबड्या. शिक्षण हमी कार्ड मी त्याच्या दप्तरात घातलं, तिकडच्या शाळेत ते दाखवलं की बसवून घेतात. निदान घ्यायला हवं. त्यानं कार्डाकडे पाहिलंही नाही. किल्ली काढली, दोऱ्यासकट त्या बारक्याच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "हरवली तर बघ."

बारक्यानं पाच महिन्यांत एकदाही हरवली नाही. जानेवारीत तापानं फणफणला होता तरी बापाच्या हाती किल्ली पाठवली, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर एवढंच : 'विंचू बघा'.

मार्चच्या शेवटी कारखाना बंद झाला, टोळी आली. मोठा शाळेत आला तो थेट टाकीवर. मी वर्गात होते, बाहेर भांडणाचा आवाज. मोठा म्हणत होता, मंत्री मी आहे, मला मतं पडलीत. बारका टाकीला पाठ लावून, दोन्ही मुठीत किल्ली आवळून उभा. "तू नव्हता इथं. मी नाही देत."

दोघांचंही खरं होतं. मी मध्ये पडायला गेले तर दोघंही एकाच वेळी म्हणाले, "मॅडम, तुम्ही थांबा." थांबले. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, ते टाकीमागेच होते. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि मोठ्यानं मला सांगितलं, "सकाळची माझी, दुपारची त्याची. शनिवारी दोघं."

आठवडी बाजारात जाऊन मी दुसरी किल्ली करून आणली. ती कुणीच घेतली नाही. माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.